खर्च लेखकाचा, नाव प्रकाशकाचे

पुस्तक स्वतःच छापून प्रसिद्ध करावे की एखाद्या प्रकाशन संस्थेच्या हाती सोपवावे, असा प्रश्न आपल्या समाजातील लिहित्या मंडळींकडून आम्हांस वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, परिचारिका असतात, आयुष्यभर बँकेत आकडेमोड करून साठीनंतर आठवणी लिहावयास बसलेले गृहस्थ असतात, आणि वहीभर कविता जमल्या म्हणून संकोचत येणाऱ्या मुलीही असतात. या दोन्ही वाटा प्रतिष्ठेच्या आहेत आणि दोहोंवरून मराठीतील मोठमोठी माणसे गेलेली आहेत, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. आमचे भांडण आहे ते या दोहोंच्या मधून निघालेल्या तिसऱ्या आडवाटेशी. त्या वाटेवर पैसा लेखकाचा असतो, पुस्तकावर नाव प्रकाशकाचे असते, आणि पुस्तकाची काळजी मात्र कोणालाच नसते. आपले पुष्कळ लेखक हल्ली याच आडवाटेला लागत आहेत आणि वर तिलाच राजरस्ता समजत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकाशक म्हणावे तरी कोणाला? छापखाना पुस्तक छापतो, बांधणीवाला बांधतो, चित्रकार मुखपृष्ठ करून देतो. या सर्वांना आपापल्या कामाचे पैसे मिळतात आणि पुस्तक खपो वा न खपो, त्यांचा संबंध तेथेच संपतो. प्रकाशक हा असा मनुष्य, की जो दुसऱ्याने लिहिलेले वाचून म्हणतो, 'यावर मी माझे पैसे लावतो.' गठ्ठे पडून राहिले तर त्याचे पैसे बुडतात. ही बुडण्याची भीती हीच त्याची खरी पात्रता होय. तिच्यापायी तो संहिता दोनदा वाचतो, लेखकाशी हुज्जत घालतो, एकच गोष्ट तीनदा सांगणारे प्रकरण गाळावयास लावतो, मुद्रिते तपासून घेतो, विक्रेत्यांच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवतो. ज्याचे पैसे छपाईपूर्वीच खिशात आले, त्याने हा खटाटोप कशासाठी करावा?

आता आपल्या धर्मग्रामातील कोणी एक निवृत्त मास्तर डोळ्यांपुढे आणा. त्यांनी गावाच्या, शेतवाडीच्या, शाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत. हस्तलिखित एका प्रकाशनाकडे जाते आणि आठ दिवसांत उत्तर येते. (खरा प्रकाशक आठ महिने लावतो आणि तरी बहुधा नकारच देतो, हे मास्तरांना ठाऊक नसते.) पत्रात लेखनशैलीची मनसोक्त स्तुती असते आणि शेवटी 'सहयोग', 'सहभाग' असा काही गोड शब्द वापरून एक रक्कम लिहिलेली असते. मास्तर भविष्यनिर्वाह निधीतून ती उचलतात. चर्चच्या सभागृहात प्रकाशन होते, शाल-श्रीफळ होते, तीन भाषणे होतात, त्यांपैकी दोन वक्त्यांनी पुस्तक वाचलेले नसते. मग लेखकाच्या वाट्याचे गठ्ठे खाटेखाली जातात, आणि आमच्याकडचा पावसाळा व आमच्याकडची वाळवी यांची ज्यांना माहिती आहे, त्यांना पुढचे सांगावयास नको.

आम्ही हिशेबच मांडून पाहू. समजा, १६० पानांचे पुस्तक, किंमत २५० रुपये, प्रती ५०० आणि लेखकाकडून घेतलेली रक्कम ६०,००० रुपये. छपाईस प्रत्यक्षात ४०,००० लागले असे धरा. ३०० प्रती लेखकाला मिळाल्या, २०० 'वितरणासाठी' प्रकाशकाकडे राहिल्या. लेखकाने १५० प्रती भेट दिल्या, उरलेल्या १५० ओळखीपाळखीत २०० रुपयांना विकल्या, ३०,००० आले. प्रकाशकाकडच्या साऱ्या २०० प्रती खपल्या असे उदारपणे मानले, तरी करारात रॉयल्टी असते दहा टक्के, म्हणजे ५,००० रुपये. ज्याने सगळा खर्च केला त्याला दहा टक्के! एकूण ३५,००० हाती आले आणि २५,००० गेले. प्रकाशकाला मात्र २०,००० कागदावर शाई पडण्यापूर्वीच सुटले. पुढे २०० प्रती खपल्या तर दुकानदाराचे ४० टक्के वजा जाता आणखी ३०,००० येणार, त्यातून लेखकाचे ५,००० द्यावयाचे. न खपल्या तरी त्याचे काही बिघडत नाही.

याच मास्तरांनी ४०,००० छापखान्याला आणि १०,००० एखाद्या जाणत्या संपादकाला व मुद्रितशोधकाला दिले असते, तेवढ्याच १५० प्रती भेट दिल्या असत्या, तेवढ्याच ओळखीत विकल्या असत्या आणि २०० प्रती त्याच ४० टक्के कमिशनवर दुकानांत ठेवून खपवल्या असत्या, तर ६०,००० परत येऊन १०,००० शिल्लक राहिले असते. दुकानातल्या प्रती अर्ध्याच खपल्या तरी तोटा ५,००० चा, आणि त्या तोट्याबरोबर पुस्तक, त्याचे हक्क आणि उरलेल्या १०० प्रती लेखकाच्याच घरात. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. उत्तराची दिशा फारशी बदलणार नाही.

प्रकाशकांची बाजू आम्ही जाणतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती एके काळी हजार-अकराशेची निघे, ती आता पाचशेवर आणि त्याखालीही आली. कागद महागला. विक्रेत्याकडून पैसे यावयास वर्ष लागते. दुकाने बंद पडत आहेत. अशा स्थितीत अनोळखी लेखकावर पैसे लावणे परवडत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला आम्ही लबाड म्हणणार नाही. पण मग त्याने स्वतःला छपाईचा कंत्राटदार म्हणवून घ्यावे आणि त्या कामाचा रास्त मोबदला घ्यावा. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके काढून पाहा. हे पुस्तक अमक्याने रचून तमक्या छापखान्यात छापवून प्रसिद्ध केले, असे पहिल्याच पानावर उघड लिहिलेले पुष्कळांवर आढळेल. त्याखाली १८६७ च्या कायद्याप्रमाणे नोंद करून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेवल्याची ओळही अनेकदा असे. खर्च कोणाचा आणि मालकी कोणाची, यात त्या मंडळींनी वाचकाला अंधारात ठेवले नाही. आजच्या सहयोगवाल्यांनी आतल्या पानावर 'हे पुस्तक लेखकाच्या खर्चाने छापले आहे' एवढे एक वाक्य छापून दाखवावे. आमचा निम्मा आक्षेप आम्ही मागे घेऊ.

खऱ्या प्रकाशकाचे मोल आम्ही कमी लेखतो असे कोणी समजू नये. भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे, नाव नसलेले तरुण होते तेव्हा पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी त्यांना लिहावयास लावले आणि १९६३ साली 'कोसला' काढली. तोवरच्या कादंबरीशी जिचा सांधा जुळत नव्हता अशा पुस्तकावर एका प्रस्थापित प्रकाशकाने आपली पुंजी आणि पत पणाला लावली. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात निवर्तल्या. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना दाखविल्या आणि अत्र्यांच्या आग्रहाने त्या १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आल्या. जिला अक्षरओळख नव्हती ती बाई स्वतः पुस्तक काढणार कोठून? तिच्या शब्दांची पारख करणारा कोणी दुसराच असावा लागला. आणि 'मौजे'च्या श्री. पु. भागवतांनी व राम पटवर्धनांनी हस्तलिखितांवर जे श्रम घेतले, ते मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांनी कृतज्ञतेने सांगितले आहेत. असा संपादक लाभत असेल तर दोन वर्षे थांबावे, चार नकार पचवावेत, आणि त्याने वही परत केली तर ती पुन्हा लिहावी.

परंतु पारख करणाऱ्यांच्या हातूनही चूक होते, आणि कधी कधी ती चूक नसून इच्छा असते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून वाचकांपुढे आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून. मधल्या १२४ वर्षांत मराठी रंगभूमीचा इतिहास त्या नाटकावाचूनच लिहिला गेला. जोतीराव त्या नकाराने खचून बसले नाहीत. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी आपली आपणच प्रसिद्ध केली आणि किंमत ठेवली बारा आणे, गरीब शूद्रातिशूद्रांस त्याच्या निम्मी. आपला वाचक कोण आणि त्याच्या कनवटीला किती पैसे असतात, हे ज्याला ठाऊक आहे असा हा प्रकाशक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले, भाषणातील मजकूर पाहिला आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी त्या इंग्रजी भाषणाच्या १,५०० प्रती स्वतःच्या खर्चाने छापून घेतल्या होत्या. त्या दोन महिन्यांत संपल्या. ज्या व्यासपीठाने ते भाषण नाकारले, त्याचे नाव आज त्या पुस्तकामुळेच लोकांच्या स्मरणात आहे.

मग स्वतः पुस्तक काढण्याची लाज आमच्या लेखकांना का वाटावी? कारण आम्ही, म्हणजे त्यांचे वाचक, शेजारी, सोयरे, त्यांना ती वाटावयास लावतो. पुस्तक हाती येताच आम्ही ते उघडण्यापूर्वी विचारतो, 'कोणी काढले?' 'मीच,' असे उत्तर आले की आमचा चेहरा पडतो. या आमच्या पडलेल्या चेहऱ्यावरच त्या आडवाटेचा सारा धंदा चालतो. मुंबई-पुण्याचे एखादे नाव, एखादे बोधचिन्ह पाठीवर असावे एवढ्यासाठी मास्तर साठ हजार मोजतात. नाव विकत घेतलेले आहे हे समाजातील एकालाही ठाऊक नसते आणि ते नाव पुस्तकाच्या व्यवहारात कोणी ओळखत नाही, हे मास्तरांना ठाऊक नसते.

स्वतः काढणाऱ्यांचीही पाठ आम्ही सरसकट थोपटणार नाही. आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या पुस्तकांपैकी कित्येक उघडताच मन खट्टू होते. पहिल्या ओळीत अशुद्ध शब्द, प्रस्तावना तीन आणि तिन्ही प्रशस्तिपत्रासारख्या, पानोपानी छायाचित्रे, मधेच नातवंडांची नावे. मजकूर चांगला असतो. एखादे प्रकरण तर असे असते की भातलावणीचे किंवा विहिरीवरच्या रहाटाचे तसे वर्णन मराठीत दुसरीकडे कोठे मिळणार नाही. पण त्या प्रकरणापर्यंत वाचक पोहोचत नाही. ज्याने प्रकाशकाची जागा घेतली त्याने प्रकाशकाचे कामही घेतलेच पाहिजे. वही घरच्यांना दाखवून भागत नाही. घरची माणसे प्रेमाने वाचतात. ज्याला आपला राग सोसण्याचे पैसे दिले आहेत असा एक परका डोळा लागतो.

बाकीची कामे वाटतात तेवढी अवघड नाहीत. आयएसबीएन क्रमांक मिळवून देण्याचे वेगळे पैसे काही प्रकाशने घेतात; तो क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी लेखकालाही विनामूल्य देते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवावयाची असते. हे कर्तव्य स्वतः पुस्तक काढणाऱ्यासही लागू आहे. चार प्रती आणि टपालखर्च. एवढ्यात आपल्या आजीच्या बोलीतले शब्द देशाच्या चार ग्रंथालयांत जाऊन बसतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते, तिकडेही अर्ज करून पाहावा. मागणीप्रमाणे दहा-वीस प्रती छापून देणारी यंत्रे आता आली आहेत, संगणकावर किंवा फोनवर वाचावयाचे पुस्तकही काढता येते. त्यामुळे खाटेखालचे गठ्ठे कमी होतील खरे. पुस्तक आले आहे, हे लोकांना सांगावयास मात्र माणूसच लागतो.

या ठिकाणी आपल्याच एका ग्रंथाची हकीकत सांगण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमी लिपीत छापल्या. संस्था पाठीशी, छापखाना हाताशी. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर चौथी आवृत्ती निघाली मंगळूरला, १९०७ साली. अडीचशे वर्षांच्या या खंडात पहिल्या तिन्ही आवृत्त्यांच्या प्रती अशा नाहीशा झाल्या की आज एकही ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरून घेणाऱ्यांमुळे आणि गाणाऱ्यांमुळे. १९०७ ची आवृत्ती सिद्ध झाली ती अशा हस्तलिखितांवरून. आणि पुढे १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याने केले नाही ते अनाम वाचकांनी केले. पुस्तक प्रसिद्ध होणे म्हणजे काय, याचा विचार करताना प्रकाशन समारंभाच्या तारखेइतकेच या हस्तलिखितांकडेही पाहावे, असे आम्हांस वाटते.

वाचकांनी पुस्तकाचा भार उचलण्याचे प्रयोग अलीकडच्या काळातही झालेले आहेत. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरास चक्क भागभांडवलाची कंपनी काढली आणि तेवीस खंड पुरे केले. १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' नावाने स्वतःच प्रकाशन सुरू केले, आणि कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी संग्रह तेथून आला. 'ग्रंथाली'ने त्याच सुमारास वाचकांना आधी सभासद करून घेतले, मग पुस्तके काढली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' त्या वाटेने आले. 'उपरा'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते अशा माणसांची ही पुस्तके. त्यांनी कोणाला साठ हजार दिले नव्हते.

आपल्या समाजाला हे अशक्य आहे काय? एकेका धर्मग्रामात शेकडो कुटुंबे आहेत. सणाच्या मांडवावर, बँडवर, फटाक्यांवर होणारा खर्च आम्ही येथे काढत नाही. तो ज्याचा त्याने काढावा. दोनशे घरांनी छपाईपूर्वी प्रत्येकी दोनशे रुपये भरले तर मघाच्या हिशेबातील ४०,००० जमतात आणि मास्तरांच्या निधीला हात लावावा लागत नाही. पण येथेच आमचे घोडे पेंड खाते. कारण पुस्तक ही 'सप्रेम भेट' मिळण्याची वस्तू आहे अशी आमची पक्की समजूत आहे. लेखकाच्या घरी केळीचा घड पाहिला तर आम्ही भाव विचारतो, पुस्तक पाहिले तर सही मागतो. प्रकाशनाला आलेला पाहुणा जेवून जातो, प्रत काखेत मारून जातो, आणि वर्षाने भेटला की म्हणतो, वाचावयास सवड झाली नाही. ज्याने पैसे मोजले तो निदान दहा पाने तरी वाचतो, कारण त्याला ते वसूल करावयाचे असतात. यापुढे आपल्या सभागृहांत पुस्तक प्रकाशन झाले तर दाराशी मेज असावे, मेजावर पावतीपुस्तक असावे आणि पहिली पावती व्यासपीठावरील पाहुण्यांच्या नावाने फाडली जावी, अशी आमची सूचना आहे. फादरांनाही त्यातून सूट नको.

एक गोष्ट राहिली. सही करण्यापूर्वी करार वाचावा, हे सांगावे लागते याची आम्हांस खंत वाटते, तरीही सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. तो दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात नमूद असले पाहिजे. खर्च लेखकाने केला असेल तर हक्क देण्याचे काही कारणच नाही. 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमचे' अशी ओळ दिसली तर ती लाल शाईने खोडावी आणि खोडू देत नसतील तर वही उचलून घरी यावे. ज्यांनी पूर्वीच सह्या करून दिल्या आहेत त्यांनी कपाटातील तो कागद पुन्हा काढावा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभरात प्रकाशकाने ते वापरलेच नाहीत, म्हणजे पुस्तक काढलेच नाही, आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. तारीख पाहावी आणि एखाद्या जाणत्या वकिलाला तो कागद दाखवावा. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एक तरी वकील आहे, आणि त्याच्या कपाटात यांपैकी एखादे पुस्तक भेट म्हणून पडलेले असणारच.